एकवीस मिलिमीटर

माणूस जातो, पण त्याचं काहीतरी मागे उरतंच, हे सत्य तेराव्याला आलेली माणसं जेवायला बसण्यापूर्वी सांगतात. प्रेमलाच्या तेराव्यालाही ते सांगितलं गेलं. कोणी म्हणालं आठवणी उरतात, कोणी म्हणालं पुण्याई. तिचे पती उदयसिंहराव शिर्के यांनी दोघांनाही मान डोलावली. प्रेमलाचं काय उरलं होतं हे त्या घरात फक्त त्यांनाच नक्की ठाऊक होतं. ते सयाजीगंजातल्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये, फ्रिजच्या दुसऱ्या कप्प्यात, स्क्रूच्या झाकणाच्या काचनळीत होतं. रंग हिरवट, वास पिकल्या द्राक्षांसारखा, नाव स्यूडोमोनास.

त्या जंतूनेच तिला मारलं होतं. पण मागे उरलेल्यांची निवड करायची सोय नसते.

साल १९९३. देशाची दारं उघडून दोन वर्षं झाली होती, आणि बडोद्यात औषधं बनवणारे इतके वाढले होते की आजारी पडणारे पुरेनासे झाले होते. सिप्रोफ्लॉक्सासिन नावाची गोळी नवीन होती. तापाला सिप्रो, जुलाबाला सिप्रो, दाढेला सिप्रो. टाय लावलेले प्रतिनिधी स्कूटरवरून डॉक्टरांकडे जात आणि उरलेल्या वेळात लॅबमध्ये येऊन पेन, कॅलेंडर आणि प्लास्टिकच्या पट्ट्या वाटत.

उदयसिंहराव या लॅबमध्ये सूक्ष्मजीव विभाग सांभाळत. विभाग म्हणजे ते, एक इन्क्युबेटर आणि एक स्टूल. काम सोपं होतं. रुग्णाच्या जखमेतले जंतू बशीतल्या खळीवर पसरायचे, त्यावर औषधात भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवायच्या आणि घरी जायचं. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती जंतू न उगवलेलं स्वच्छ वर्तुळ दिसे. ते पट्टीने मोजायचं. सिप्रोच्या टिकलीभोवती एकवीस मिलिमीटर किंवा जास्त भरलं तर औषध लागू. सोळा ते वीस भरलं तर धड लागू नाही, धड नालायक नाही. त्याखाली गेलं तर दुसरं औषध शोधा. मोजायची पारदर्शक पट्टी सिप्रो विकणाऱ्या प्रतिनिधीनेच भेट दिली होती. ती मिलिमीटरच्या बाबतीत प्रामाणिक होती, एवढं मानायला हरकत नाही.

आणि विभागाची एक रीत होती. वर्तुळ दोन रेघांच्या मध्ये अडलं, तर अर्धा मिलिमीटर पेशंटच्या बाजूने द्यायचा. उदयसिंहरावांनी पूर्वी तीन वर्षं कॉलेजात शिकवलं होतं, चौतीसवर अडलेल्या पोरांना एक मार्क दिला होता. हाताला ते वळण तिथेच लागलं होतं.

प्रेमलाचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि चौथ्या दिवशी जखमेवरचं बँडेज हिरवं निघालं. कापसाच्या बोळ्यावर नमुना घ्यायला उदयसिंहराव स्वतः वॉर्डात गेले.

"अहो, घरचीच लॅब आहे," ती म्हणाली. "नीट बघा हं. बाहेरच्यांचं बघता तसं नको."

"बाहेरच्यांचं नीटच बघतो."

"मग माझं त्याहून जरा बरं बघा."

त्यांनी तेच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी वीस आणि एकवीसच्या मध्ये थांबली. त्यांनी बशी उजेडाकडे धरून तीनदा मोजली, आणि बायकोला अर्धा मिलिमीटर दिला. रिपोर्टवर लिहिलं: सिप्रोफ्लॉक्सासिन, एकवीस, लागू. सहा दिवस सिप्रो शिरेतून गेलं. सातव्या दिवशी प्रेमला गेली. सर्जन खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही रिपोर्ट चांगला दिला होता, शिर्के. शरीरानेच साथ दिली नाही."

बशी अजून फेकली नव्हती. उदयसिंहरावांनी तिच्या कडेचे जंतू तारेने उचलून नळीत घातले. विचार असा की, सावकाश पुन्हा मोजू. वीस भरले तर आपण मारलं, एकवीस भरले तर नाही. चाचणी अठरा तासांची होती. ती करायला त्यांना दहा वर्षं लागली.

*

त्या ऑक्टोबरात खंडेनवमी आली. शिर्क्यांचे पणजोबा बडोदे सरकारच्या पागेत होते. त्यांची तलवार थोरले बंधू फत्तेसिंहराव यांच्याकडे, बाबाजीपुऱ्यात, कपाटावर असे. खंडेनवमीला ती पाटावर उतरायची, आणि घरातल्या प्रत्येक पुरुषाने आपलं हत्यार तिच्याशेजारी ठेवायचं असा दंडक होता. फत्तेसिंहराव रिफायनरीत होते. ते मोठा पाना ठेवत. उदयसिंहराव जंतू उचलायची तार ठेवत. तलवार, पाना आणि चार इंच तार अशी शिर्के घराण्याची आगेकूच दरवर्षी पाटावर ओळीने दिसे.

"यंदा कसं करायचं, दादा?" उदयसिंहरावांनी विचारलं होतं. "वर्ष पाळायचंय ना."

"माणसांनी पाळायचं," फत्तेसिंहराव म्हणाले. "हत्यारांना सुतक नसतं. तू ये."

दसऱ्याच्या सुट्टीत लॅबला रंग लावायचा होता, फ्रिज बंद राहणार होता. म्हणून उदयसिंहरावांनी दोन नळ्या रुमालात गुंडाळून जेवणाच्या डब्यातून भावाकडे आणल्या. एक प्रेमलाची. दुसरी कंट्रोलची. कंट्रोल म्हणजे प्रत्येक लॅब पाळते तो नेमस्त, सरळमार्गी स्यूडोमोनास. एकाच सरकारी संग्रहातून सगळीकडे जातो, आणि टिकल्या ठीक आहेत की नाहीत हे त्याच्यावरून ताडून पाहायचं असतं. दिसायला, वासाला दोन्ही सारखेच. कंट्रोल दर सोमवारी तपासावा असा नियम होता. उदयसिंहराव दर सोमवारी रजिस्टरमध्ये २९ लिहीत. त्याचा स्वभाव इतका नियमित की त्याला उगाच त्रास द्यावा असं त्यांना वाटत नसे.

वहिनींनी, म्हणजे फत्तेसिंहरावांच्या कौशल्याबाईंनी, डब्यात डोकावून पाहिलं.

"हे काय, भाऊजी?"

"जंतू. दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवायचेत."

"माझ्या लोणच्याशेजारी रोगराई? नाही हं."

"झाकण घट्ट आहे, वहिनी."

"घट्ट असू दे नाहीतर सैल. आधी पूजेला लावा. पूजा झालेली वस्तू असली तर मी नाही म्हणणार नाही."

फ्रिजचा हा नियम कुठल्याच पुस्तकात नव्हता, पण फ्रिज त्यांचा होता. उदयसिंहरावांनी तारेशेजारी दोन्ही नळ्या आडव्या ठेवल्या. प्रेमलाची उजवीकडे, कंट्रोलची डावीकडे. पूजेत बायको उजवीकडे बसते. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आणि ते हातपाय धुवायला मोरीत गेले.

वहिनींचा हात सढळ होता. पूजा आटोपली तेव्हा दोन्ही लेबलांवर ओल्या हळदकुंकवाची बोटं उमटली होती आणि फाउंटन पेनची निळी शाई गुलाबी पाण्यात विरून गेली होती. एक अक्षर लागत नव्हतं. उदयसिंहरावांना घाबरायचं कारण दिसलं नाही. उजवी ती प्रेमलाची. त्यांनी नवीन लेबलं लिहिली आणि नळ्या लोणच्याशेजारी गेल्या.

*

१९९७ मध्ये इस्पितळात परदेशी मशीन आलं. ते जंतूचं नाव, गाव आणि औषध सगळं स्वतःच छापून देई, आणि अर्ध्या मिलिमीटरचा प्रश्न त्याला पडत नसे. जुन्या बशा, नळ्या, टिकल्या नियमाप्रमाणे नष्ट करायच्या ठरल्या. त्याच महिन्यात उदयसिंहरावांना स्वेच्छेने निवृत्त होण्याची इच्छा झाली आहे असं इस्पितळाने त्यांना पत्राने कळवलं. ते बावन्न वर्षांचे होते. निरोपाला घड्याळ मिळालं. खिशात एक नळी होती.

हरणीतला दोन खोल्यांचा फ्लॅट प्रेमला असतानाच बुक केला होता. ताबा ती गेल्यावर मिळाला. मूलबाळ नव्हतं. स्वयंपाकघराचा ओटा तिने सांगितलेल्या उंचीचा होता, म्हणजे उदयसिंहरावांना चार इंच बुटका. तिथे ते वाकून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नळी बदलत. जंतूंना नवीन अन्न द्यावं लागतं, नाहीतर ते आपल्याच मळात मरतात. कुकरच्या तीन शिट्ट्यांत काचनळ्या निर्जंतुक होत. चायना ग्रासची खळ होई. राहिलं मांसाचं सत्त्व. ते बाजारात डबाबंद मिळत होतं, आणि स्यूडोमोनासला तेही लागत नाही. तो साबणाच्या पाण्यावरसुद्धा संसार करतो. पण प्रेमलाला मटणाची अळणी आवडायची. मीठ नाही, तिखट नाही, नुसतं हळद घालून उकळलेलं पाणी, वाटीभर. उदयसिंहराव हळद वगळत, कारण जंतूंना ती सोसत नाही. बाकी कृती तीच.

खरं म्हणजे ते जंतूशी बोलत वगैरे नसत. तेवढं शिक्षण झालं होतं. फक्त लेबलवर तारखेआधी 'प्रे.' असं लिहीत. मग उबेसाठी वर्षाचे आठ महिने नळी खोक्यात साठ वॅटच्या बल्बखाली ठेवत. मार्च ते जून बडोद्यात इन्क्युबेटरची गरज नसते.

एका रविवारी बेल वाजली. सोसायटीचे सेक्रेटरी जशुभाई दारात उभे होते. नाक आत, पाय बाहेर.

"शिर्केसाहेब, खोटुं नई लगाडता हां. पण सुगंध आवे छे."

"येत असेल."

"नॉनवेज?"

"मी खात नाही, जशुभाई. बायको गेल्यापासून सोडलं."

"तो पछी बनावो छो कोना माटे?"

कोणासाठी बनवता, हा प्रश्न सरळ होता, आणि उदयसिंहरावांना खोटं बोलायची सवय नव्हती. "आहे एक," ते म्हणाले. "महिन्यातून एकदाच."

जशुभाई हळूच मागे सरकले. संध्याकाळपर्यंत चाळीस फ्लॅटांना कळलं होतं की, तेवीस नंबरवाल्या शिर्केसाहेबांकडे महिन्यातून एकदा कोणी येतं, आणि तिला मटण लागतं. येताना तिला कोणी पाहिलं नव्हतं, यावरून ती किती हुशार असेल याचा अंदाज बांधला गेला. जिन्यात भेटणाऱ्या बायका पदर सावरू लागल्या, पुरुष जरा आदराने "केम छो" म्हणू लागले. उदयसिंहरावांच्या कानावर हे आलं. त्यांनी खुलासा केला नाही. आपण एकटे नाही असं निदान एकोणचाळीस घरं मानतात, ही त्यांच्याकडे तेव्हा असलेली सर्वांत उबदार गोष्ट होती.

सोसायटीच्या वार्षिक सभेला ते नेमाने जात. बहुतेक वेळा ते, जशुभाई आणि वॉचमन एवढेच हजर असत. कोरम नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब होई, आणि अर्ध्या तासाने तेच तिघं पुन्हा जमत. पाण्याची टाकी त्या तिघांनीच मंजूर केली, त्यातलं एक मत मोजायचं नसतानाही.

*

२००३ च्या ऑगस्टात संयोगिता मोहितेचा फोन आला. दहा वर्षांपूर्वी ती सहा महिने त्यांच्या हाताखाली शिकायला होती. आता विद्यापीठात संशोधन करत होती.

"सर, माझं व्याख्यान आहे, याल? विषय जंतूंचे पंप."

"जंतूंना पंप असतात?"

"तेच तर सांगायचंय."

विद्यापीठाच्या सयाजीगंजातल्या एका वर्गात अकरा जण होते, त्यातले तिघं चहासाठी. संयोगिताने फळ्यावर जंतूच्या भिंतीतून आरपार गेलेली नळी काढली.

"विश्वामित्रीला पूर आला," ती म्हणाली, "की तळमजल्यावरची माणसं घमेल्याने पाणी बाहेर काढतात. पाणी यायचं थांबत नाही, पण घर बुडत नाही. स्यूडोमोनास हेच करतो. औषध आत येतं, पंप ते बाहेर फेकतो. एकाच पंपाने सिप्रो जातं, टेट्रासायक्लिन जातं, इतर पाचसहा औषधं जातात. त्याने ती औषधं जन्मात पाहिलेली नसली तरी."

चहावाल्या तिघांपैकी एकाने घड्याळ पाहिलं.

"आणि पंप औषधासाठी बनलेलाच नाही. औषधं कालची. पंप त्याआधीपासून आहे. शरीर जंतूवर जे जे सोडतं ते बाहेर टाकायला तो उपयोगी पडतो. पंप तोडलेला जंतू बशीत मजेत वाढतो, पण शरीराच्या पेशीत शिरताना अडखळतो. गरीब होतो बिचारा. शिवाय जंतू एकमेकांना निरोप पाठवतात, म्हणजे एक रसायन बाहेर सोडतात. त्यातला एक निरोप याच पंपातून जातो. आपण इतके जण आहोत, हे त्यावरून कळतं. थोडे असले तर गप्प बसतात. पुरेसे जमले की हल्ला करतात."

"म्हणजे कोरम," मागून उदयसिंहराव म्हणाले.

"हो, सर! अगदी तोच शब्द आहे त्याला."

उदयसिंहरावांच्या मनात जशुभाई आणि वॉचमन येऊन गेले.

"मग पंप जितका जोरात तितका जंतू दुष्ट?" कोणीतरी विचारलं.

"तेवढं सरळ नाही. कधी उलटं होतं. पंप भलताच सुटला तर निरोपांचाच घोळ होतो आणि जंतू दुबळा पडतो. पंप कुठला, जंतू कुठला, यावर आहे."

व्याख्यानानंतर उदयसिंहराव कपबशी हातात धरून तिच्याजवळ उभे राहिले. चहा निवला तरी त्यांनी तोंडाला लावला नाही.

"समज," ते म्हणाले, "वर्तुळ एकवीस भरलं. किंवा साधारण एकवीस. औषध लागू असं लिहिलं. आणि तरी औषध चाललं नाही. यात पंपाचा हात असू शकतो?"

"असू शकतो, सर. उपचार चालू असताना ज्यांचा पंप जोरात ते वाचतात, बाकीचे मरतात. तीन-चार दिवसांत सगळे तसलेच उरतात. काठावरच्या केसमध्ये तर सहज."

"म्हणजे मोजणाऱ्याची चूक नाही?"

"मोजणारा काय करणार? तो बाहेरून मोजतो."

हे वाक्य उदयसिंहरावांनी हरणीपर्यंत रिक्षात मनातल्या मनात घोळवलं. दहा वर्षं ते वीस आणि एकवीसच्या मध्ये राहत होते. आज कोणीतरी सांगत होतं की तिसरीही जागा आहे.

संयोगिताला जुने जंतू हवेच होते. तिच्या गाइडकडे पंप बंद पाडणारं रसायन बाहेरून आलं होतं. एका बशीत नुसती सिप्रोची टिकली, दुसऱ्या बशीत टिकली आणि ते रसायन. दुसऱ्या बशीतलं वर्तुळ खूप मोठं झालं, तर पंप जोरात होता असं धरायचं. उदयसिंहरावांनी दुसऱ्याच दिवशी नळी नेऊन दिली.

"कधीची, सर?"

"त्र्याण्णव. जखमेतली."

"पेशंट?"

"गेली."

"आणि हे 'प्रे.' म्हणजे?"

"प्रिझर्व्ह्ड," ते म्हणाले. हे त्यांचं दुसरं खोटं. पहिलं अर्ध्या मिलिमीटरचं होतं.

वाट पाहण्याचे दिवस ते फार नीटनेटके वागले. दाढी रोज केली. प्रेमलाचा फोटो आतल्या खोलीत, कपाटाच्या बाजूला, जिथे आपली नजर जाणार नाही अशा बेताने लावलेला होता. तो त्यांनी खाली काढला, पुसला आणि हॉलमध्ये एक नवीन खिळा ठोकला. फोटो लगेच लावला नाही. निकाल लागल्यावर लावायचा होता. ओट्याशी वाकून उभं राहून त्यांनी एकदा मोठ्याने म्हणूनही पाहिलं: "तुझं नीटच बघितलं होतं." आवाज बरा आला.

*

संयोगिता स्वतःच आली. भर दुपारी, स्कूटीवर, हातात थर्माकोलचा डबा. गेटवर जशुभाई लाउडस्पीकरवाल्याला गरब्याची वायर कुठून न्यायची ते दाखवत होते. त्यांनी तिला तेवीस नंबर विचारताना ऐकलं आणि वायर त्यांच्या हातातून सुटली.

"आजे तो दिवसे आवी," ते वायरवाल्याला म्हणाले. तेवीस नंबरवाली दिवसाढवळ्या येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

तिने दोन बशा टेबलावर ठेवल्या. "सर, तुम्हीच मोजा."

उदयसिंहरावांनी खणातून ती जुनी पट्टी काढली. कंपनीचं नाव पुसून गेलं होतं, रेघा शाबूत होत्या. पहिली बशी मोजली. पुन्हा मोजली.

"एकोणतीस."

"हो. आणि दुसरी?"

"एकतीस."

"पंप आहे, सर. पण सगळ्यांत असतो तेवढाच."

एकोणतीस. वीस नाही, एकवीस नाही. हा आकडा त्यांच्या ओळखीचा होता. दर सोमवारी त्यांनी तो न मोजता लिहिला होता.

"दहा वर्षं औषधाशिवाय ठेवली," ते म्हणाले. "सुस्तावली असेल. पंप चालवायला कष्ट पडतात, गरज नसली तर सोडून देत असतील."

"मलाही तेच वाटलं. होतं तसं. म्हणून मी डीएनएचे पट्टे काढले." तिने एक काळा फोटो पुढे केला. त्यावर पांढऱ्या रेघांच्या दोन शिड्या होत्या. "डावीकडे तुमची नळी. उजवीकडे आमच्या डिपार्टमेंटचा कंट्रोल. रेघ न् रेघ एक आहे. हा कंट्रोलच आहे, सर."

वरच्या मजल्यावर कोणीतरी कुकरची शिट्टी काढली.

"माझ्याकडूनच नळ्या बदलल्या असतील," संयोगिता घाईने म्हणाली. "मी परत करते. तुमच्याकडे दुसरी प्रत असेल ना?"

"नाही. एकच होती."

"मग कुठेतरी आधी..."

"आधी काही झालं नाही," उदयसिंहराव म्हणाले. "मी स्वतः लेबल लिहिलंय. चहा घेतेस?"

तिने चहा घेतला. भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहून तिने काही विचारलं नाही, याबद्दल त्यांना ती फार चांगली मुलगी वाटली.

*

दहा दिवसांनी खंडेनवमी होती. निवृत्त झाल्यावरही उदयसिंहराव तार घेऊन बाबाजीपुऱ्यात जात. फत्तेसिंहरावही रिफायनरीतून सुटून पाना घेऊन बसत. यंदा उदयसिंहरावांचा गुडघा धरला होता. हातपाय धुवायला मोरीपर्यंत जायचा त्यांनी कंटाळा केला आणि तिथेच खुर्चीवर बसून राहिले.

वहिनींनी पाट मांडला, तलवार, पाना, तार ओळीने लावली आणि हळदकुंकू कालवायला आत गेल्या. मग फत्तेसिंहराव "आई गं" करत वाकले. पाट दोन्ही हातांनी धरून त्यांनी तो, वरच्या हत्यारांसकट, अर्धा फिरवला. उजवीकडची तार डावीकडे गेली.

"दादा, हे काय केलंत?"

"मूठ पूर्वेला नको? तुझी वहिनी चाळीस वर्षं पाट उलटा मांडते आणि मी चाळीस वर्षं फिरवतो."

"ऐकू येतंय मला," आतून वहिनी म्हणाल्या.

"ऐकू यावं म्हणूनच बोलतोय."

"दरवर्षी फिरवता?" उदयसिंहरावांनी विचारलं.

"दरवर्षी. तुला कुठून दिसणार? तू नेमका तेव्हा मोरीत असतोस."

"त्र्याण्णवलाही?"

"त्र्याण्णवला काय तलवार पश्चिमेला झोपली होती?" फत्तेसिंहरावांनी कंबर सरळ केली. "का रे? एवढं काय त्यात?"

"काही नाही," उदयसिंहराव म्हणाले.

वहिनी वाटी घेऊन आल्या. तलवारीला बोट लागलं, पान्याला लागलं, तारेला लागलं. हात पुसताना त्यांना आठवलं.

"भाऊजी, ती रोगराई काय झाली हो? दोन नळ्या होत्या ना? माझ्या लोणच्यापाशी?"

"एक आहे अजून."

"आणि दुसरी?"

दुसऱ्या नळीवर उदयसिंहरावांनी त्र्याण्णवच्या त्या संध्याकाळी सुवाच्य अक्षरात 'कंट्रोल' असं लिहिलं होतं. एप्रिल १९९७ मध्ये, मशीन आलं त्या आठवड्यात, त्यांनी ती नियमाप्रमाणे स्वतः वाफेने जंतू मारायच्या ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली होती: एकशे एकवीस अंश, पंधरा पौंड, वीस मिनिटं.